वाट पाहण्यात जाणारी वीज

माझ्या टेबलावर गेले काही महिने एक लहानसा टॅग उघडा पडून आहे. तो ज्या वस्तूला चिकटवला जाईल ती वस्तू इमारतीत नेमकी कुठे आहे, एवढेच सांगण्याचे त्याचे काम. त्याच्या पाठीला सीआर२०३२ जातीचा बटन सेल आहे, आणि सेलच्या वाटेत करंट मोजणारे यंत्र जोडून मी पडद्यावरची रेघ पाहत बसतो: बराच वेळ सपाट, मग एकाएकी उभा सुळका, पुन्हा सपाट. सुळका दिसला की रेडिओ जागा झाला असे समजावे. सुरुवातीला माझे सगळे लक्ष सुळक्याच्या उंचीकडे असे. सेल रिकामा होतो तो सुळक्याखालच्या क्षेत्रफळामुळे, आणि ते क्षेत्रफळ बहुतेक वेळा रुंदीमुळे वाढलेले असते, हे उमगायला मला बरेच दिवस लागले.

या सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो. टॅग दर सेकंदाला ३ मिलिसेकंद जागा राहून १० मिलिअँपिअर घेत असेल आणि झोपेत २ मायक्रोअँपिअर घेत असेल, तर सरासरी ३२ मायक्रोअँपिअर होते आणि सेल नऊ-साडेनऊ महिन्यांत संपतो. तोच टॅग दर १० सेकंदांनी जागा केला, तर सरासरी ५ वर येते आणि कागदावर पाच वर्षे मिळतात. मात्र त्या पाचांतले दोन आता झोपेचेच असल्यामुळे, यापुढे टॅग आणखी उशिरा उठवून मिळणारा फायदा झपाट्याने घटत जातो.

माझ्या पहिल्या आवृत्तीत चूक झाली ती ऐकण्यात. टॅगमधला अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ (अतिशय रुंद पट्ट्यावर अगदी छोटे स्पंद सोडणारा) बोलताना घेतो त्यापेक्षा जास्त करंट सहसा ऐकताना घेतो, आणि दुहेरी संदेशाने अंतर मोजण्याच्या पद्धतीत टॅगला भिंतीवर बसवलेल्या प्रत्येक स्थिर केंद्राच्या उत्तराची वाट पाहावी लागते. मी टॅग एका लोखंडी कपाटात ठेवून दार लावले, उत्तरे येणे बंद झाले, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये हार मानण्याची तरतूद नसल्यामुळे तो बिचारा कान उघडे ठेवून पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आठवड्याच्या आत सेल संपला. आता उत्तर आले नाही तर तो लगेच झोपतो आणि प्रत्येक अपयशानंतर पुढच्या प्रयत्नापर्यंतचा वेळ दुप्पट करतो.

त्याहून मूलगामी उपाय म्हणजे टॅगला ऐकायलाच न लावणे. त्याने एक छोटा संदेश सोडावा आणि झोपी जावे; तो संदेश कोणत्या केंद्रावर किती आधी किंवा नंतर पोहोचला, यावरून जागा काढण्याचे काम भिंतीवरच्या केंद्रांनी करावे. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून त्या केंद्रांची घड्याळे परस्परांशी अत्यंत काटेकोर जुळलेली असावी लागतात. तो खर्च मोठा असला, तरी केंद्रांना मुख्य लाइनची वीज मिळते, म्हणून तो तिकडे ढकलणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

टॅगला काही ऐकणे भागच असेल, तेव्हा त्याच्या घड्याळाची चूक आडवी येते. दहा लाखांत २० भागांनी चुकणारा, घड्याळाचा ठोका देणारा साधा क्रिस्टल १० सेकंदांत २०० मायक्रोसेकंद आणि तासाभरात ७२ मिलिसेकंद इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे जितकी लांब झोप तितके आधी उठून ताटकळणे आले.

उपग्रहांच्या बाबतीतही गोष्ट वाट पाहण्याचीच आहे. जीपीएसचा उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिटांनी पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. अंतर मोजण्याचा संकेत मात्र दर मिलिसेकंदाला फिरून येत असतो. कक्षेची माहिती मोबाइल नेटवर्कने आधीच पुरवली, तर रिसीव्हरला अर्धा मिनिट जागे राहण्याचे कारण उरत नाही. काही रचनांत तर उपकरण काही मिलिसेकंदांचा कच्चा संकेत टिपून झोपते आणि सगळे गणित सर्व्हरवर होते.

५जीच्या मानकांत हाच विचार पायरीपायरीने आला. त्यांच्या रिलीज १७ या आवृत्तीत उपकरणाला पूर्ण जोडणी न करता, निष्क्रिय अवस्थेतच जागा मोजू देण्याची सोय झाली. रिलीज १८ मध्ये बॅटरी सहा महिने ते एक वर्ष टिकावी हे लक्ष्य समोर ठेवून, उपकरण एका मोबाइल केंद्राच्या क्षेत्रातून दुसऱ्याच्या क्षेत्रात गेले तरी मोजणीची व्यवस्था नव्याने मागावी लागू नये, अशी तरतूद केली गेली.

वायफायच्या लहरींवरून खोलीतली हालचाल ओळखण्यासाठी ८०२.११बीएफ हे मानक आहे, आणि त्यातली एक तरतूद मला मनापासून आवडते: लहरींच्या मार्गात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बदल झाला, तरच उपकरणाने सविस्तर मोजमाप पाठवावे. रिकाम्या खोलीचे तेच ते वर्णन सेकंदागणिक पाठवण्यात वीज घालवायची नाही.

माझ्या टॅगमध्ये हे काम काही मायक्रोअँपिअरवर चालणारा, हालचाल ओळखणारा अॅक्सेलरोमीटर करतो. वस्तू हलली नाही तर तिची जागाही बदललेली नसते, म्हणून तो हालचाल जाणवेपर्यंत रेडिओला उठवत नाही. मर्यादा फार कमी ठेवली की शेजारी दार आपटल्यानेही टॅग जागा होतो. फार जास्त ठेवली की ढकलगाडीवरून हळूच नेलेली वस्तू त्याच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे गेला आठवडाभर मी टॅग ढकलगाडीवर ठेवून, ती वेगवेगळ्या वेगांनी ढकलत, पडद्यावर सुळका कधी उमटतो ते वहीत नोंदवत आहे.