आधी पाठ, मग तोंड

गणपतींची गर्दी ओसरून पितृपक्ष लागला होता. कुडाळ स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधलेले एक छायाचित्र होते आणि त्याला दमट हवा लागू नये म्हणून सिलिका जेलच्या चार पुड्या सोबत घातल्या होत्या. जुन्या प्रिंट जमवणाऱ्याने पावसाळ्याच्या शेपटाला कोकणात आपला ऐवज घेऊन हिंडू नये, हे मलाही कळत होते. पण ज्यांना ती प्रिंट दाखवायची होती, ते काका आता मालवण सोडून कुठे जात नाहीत. मुंबईत फोर्टातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्यांनी पस्तीस वर्षे काढली आहेत.

एस.टी.च्या खिडकीतून हळव्या भाताच्या पिवळ्या पडू लागलेल्या लोंब्या दिसत होत्या, पण माझे सगळे लक्ष मांडीवरच्या पिशवीकडे होते. तीत असलेले छायाचित्र फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येच्या काही तास आधी ते त्यांना भेटले होते आणि त्याच संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावरून नेहरू लोकांना ती बातमी सांगत असतानाचे छायाचित्र त्यांनी टिपले. माझ्याजवळची प्रिंट त्याच काळातली, म्हणजे ‘व्हिंटेज’ आहे, असे सांगून मुंबईतल्या एका विक्रेत्याने माझे दोन महिन्यांचे वेतन घेतले होते. संग्राहकांच्या बोलीत व्हिंटेज म्हणजे नुसती जुनी प्रिंट नव्हे. निगेटिव्ह तयार झाल्यावर थोड्याच काळात, साधारण पाचेक वर्षांच्या आत, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट तेवढी व्हिंटेज. त्याच निगेटिव्हवरून तीस वर्षांनी काढलेली प्रिंटही अस्सलच असते, पण तिची किंमत बरीच उतरते.

काकांचे घर चिऱ्याचे, पुढे पडवी. सोलकढीचा पेला हातात देऊन त्यांनी पुठ्ठे सोडायला सांगितले आणि प्रिंट हाती येताच चित्राकडे न पाहता ती सरळ उलटी केली. “आधी पाठ बघूची, मगे तोंड,” ते म्हणाले. पाठ कोरी होती. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘दिल्ली १९४८’ एवढेच लिहिलेले. त्या काळी मासिकांकडे आणि वृत्तपत्रांकडे गेलेल्या प्रिंटची पाठ अशी स्वच्छ राहत नसे, हे त्यांनी सविस्तर समजावले: एजन्सीचा शिक्का, टंकलिखित मजकुराची चिकटवलेली पट्टी, किती भाग छापायचा त्याच्या लाल-निळ्या खुणा आणि परत आल्याची तारीख. हे ऐकताना मला जाणवले की दोन वर्षांत मी त्या प्रिंटचा चेहरा शेकडो वेळा न्याहाळला होता, पण पाठ एकदाच आणि तीही बिल तपासावे तशी.

मग त्यांनी माजघराची दारे लावून घेतली आणि दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला. आधी त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा, चाळीसच्या दशकातला फोटो धरला. त्याच्या पांढऱ्या कडा मळक्या, मंद राहिल्या. माझी प्रिंट मात्र पावडरीने धुतलेल्या सदऱ्यासारखी निळसर लखलखली. कपड्यांच्या पावडरीत असतात त्या जातीची उजळ करणारी रसायने छायाचित्रांच्या कागदात साधारण १९५० नंतर रुळली. त्यामुळे कागद चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, पण असा चमकला तर तो १९४८ चा असणे कठीण. १९४० मध्ये वारलेले अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाईन यांच्या म्हणून विकलेल्या काही प्रिंटचे बिंग अमेरिकेत याच परीक्षेने फुटले होते. “हो कागद तेव्हाचो नाय,” काका शांतपणे म्हणाले. मला सोलकढी एकाएकी आंबट लागली.

माझी समजूत घालावी म्हणून की काय, ते डार्करूमच्या गोष्टींत शिरले. कार्तिए-ब्रेसाँ स्वतः प्रिंट काढत नसत, ते काम दुसऱ्यांवर सोपवत, याचे काकांना मोठे समाधान आहे. उलट अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स. त्यांच्या १९४१ च्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या एका निगेटिव्हवरून त्यांनी तेराशेहून अधिक प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश फिकट, नंतरच्यांत जवळजवळ काळेभोर. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, अशी ॲडम्स यांची धारणा होती. काकांनी ती ऐकून मान डोलावली आणि हवेत हात फिरवून डॉजिंग-बर्निंग, म्हणजे प्रिंटच्या एखाद्या भागावर उजेड कमी-जास्त पाडणे, कसे करायचे ते दाखवले. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे नीट जतन झाला, हे सांगितल्यावर मात्र ते खिन्नपणे भिंतीकडे पाहू लागले.

भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेल्या प्रिंट टांगलेल्या होत्या. एकीचा चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर दमटपणाने काचेला चिकटला होता. ओढले असते तर चित्र काचेवरच राहिले असते. दुसरीच्या काळ्या भागांत कडेने आरशासारखी निळसर झाक चढली होती, कारण चित्रातला काळा रंग ज्या चांदीचा असतो, ती वर येऊ लागली होती. तिसरी पिवळी पडली होती. हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) नीट धुतला गेला नव्हता, अशी कबुली काकांनीच दिली; जाड कागदाला तासभर वाहते पाणी लागते आणि त्या वर्षी मुंबईत पाणीकपात होती. मी चित्र आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला आणि फ्रेम बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर हलवायला सुचवले. ते हसले. इथे आतल्या भिंतीलाही पाझर असतो.

निघताना त्यांनी एका डब्यातून हाताच्या पंजाएवढा कागद काढून माझ्या पुठ्ठ्यांत सरकवला. ती स्टुडिओत टाकून दिलेली चाचणी प्रिंट होती. पैशांचा विषय काढल्यावर ते रागावले. कुडाळ स्टेशनावर गाडीला पाऊण तास उशीर होता. फलाटाच्या दिव्याखाली मी पुठ्ठे सोडले आणि पाठ पाहिली: पेन्सिलीने ‘१२ सेकंद, आकाश ४ जास्त’ असे लिहिलेले, खाली स्टुडिओचा अर्धवट उठलेला शिक्का. मग उलटून पाहिले. ससून डॉकवर टोपल्या डोक्यावर घेतलेल्या कोळणी होत्या आणि आकाश अजून चार सेकंद कमीच होते.