काजवा आणि मुंगळा

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो, पाऊस अजून नीट सुरू व्हायचा होता, आणि सादड्याचं एक अख्खं झाड एका लयीत उजळत-विझत होतं. मोबाईल खिशात ठेवून नुसता बघत बसलो. तेवढ्यात पायाला कडकडून चावलं, बघतो तर हा मोठा काळा मुंगळा!

मग रात्रभर डोक्यात दोघंच. काजवा म्हंजे माशी नाही बरं का, भुंगेऱ्यांच्या जातीतला, पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं रसायन आणि ऑक्सिजनची रिअ‍ॅक्शन होऊन उजेड पडतो आणि त्यात उष्णता जवळपास नसतेच. बराचसा जन्म अळी म्हणून जातो, ती गोगलगायी खाते, आणि पंख फुटल्यावर हातात जेमतेम काही आठवडे, ते पण जोडीदार शोधण्यात.

मुंगळ्याचं सगळं वासावर चालतं. त्याला नांगी नसते, चावतो आणि त्या जखमेवर फॉर्मिक अ‍ॅसिड सोडतो म्हणून एवढी आग होते. आणि आपण 'तो मुंगळा' म्हणतो पण वारुळाबाहेर राबणाऱ्या सगळ्या माद्या असतात, हे मला फार भारी वाटतं.

काजव्याला मात्र काळोख लागतोच. गाड्यांचे हेडलाईट, टॉर्च, फ्लॅश पडला की त्याचा सिग्नल मादीला दिसतच नाही. मुंगळ्याचा वासाचा रस्ता उजेडाने पुसत नाही, पण काजव्याचा पुसतो, म्हणून प्लीज, झाडाजवळ जाताना टॉर्च बंद ठेवा आणि काजवे बाटलीत भरू नका.