पिवळी कढई

आमच्या इकडच्या मराठी ग्रुपात माझ्या पिकअप ट्रकला सगळे टेम्पोच म्हणतात. शनिवारी सकाळी "टेम्पो मोकळा आहे का रे" असा मेसेज आला की समजायचं, कोणीतरी सेकंडहँड सोफा घेतलाय. २०१२ चं मॉडेल, हाफ टन, मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने खालून बऱ्यापैकी गंजलेला, पण इंजिन ठणठणीत. तर या टेम्पोच्या डॅशबोर्डवर जवळजवळ दहा महिने एक पिवळा दिवा लागलेला होता, मी तो रोज बघत होतो आणि काहीही करत नव्हतो.

दिवा म्हणजे तो टायरमधल्या हवेचा. ते म्हणे मधून कापलेल्या टायरचं चित्र आहे आणि आत उद्गारचिन्ह. बायकोने पहिल्यांदा बघितलं तर म्हणाली ही कढई आहे आणि आत काहीतरी करपतंय. तेव्हापासून घरात त्याचं नाव पिवळी कढई.

पहिल्यांदा लागली ती नोव्हेंबरात. इकडे नोव्हेंबरात एक सकाळ अशी येते की काल स्वेटरवर भागत होतं आणि आज काचेवरचा बर्फ खरवडायला लागतो, त्या सकाळी अर्ध्या गावाच्या गाड्यांत कढई चढते. गणित साधं आहे, तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) कमी होतो. मी ऑगस्टात ८५ अंशांत ३५ भरलेले, त्या सकाळी पारा १५ वर, म्हणजे सहा-सात असेच गेले, आणि टायर नुसता उभा असला तरी महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच, झाले पंचवीसच्या आसपास. दिवा लागायची रेघ आहे २६. वीस-पंचवीस मैल चालवल्यावर टायर गरम झाले, प्रेशर वाढलं, दिवा गेला. गेला ना, मग झालं तर, असं म्हणून मी विसरलो. हे चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, दाराच्या कडेच्या स्टिकरवर किती हवा हवी तो आकडा असतो तो थंड टायरचा असतो, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजायचा. पण सकाळी १५ अंशांत गेज घेऊन कोण वाकतंय.

आता ही २६ ची रेघ कुठून आली ते सांगतो कारण पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररवरच्या फायरस्टोन टायरांचं प्रकरण गाजलं, चालत्या गाडीत टायरची वरची पट्टी सुटून गाड्या उलटत होत्या, माणसं गेली, ६५ लाख टायर परत मागवायला लागले, आणि त्याच वर्षी काँग्रेसने (इथली, आपली नाही) कायदा केला की हवा कमी झाली तर गाडीने स्वतः सांगितलं पाहिजे. त्याचा पहिला नियम कोर्टाने उडवला, दुसरा २००५ मध्ये आला, आणि सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या सगळ्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला, हलक्या म्हणजे मालासकट १०,००० पौंडांपर्यंतच्या. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकांना सूट. नियम म्हणतो की हवा स्टिकरवरच्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेली की २० मिनिटांत दिवा लागला पाहिजे. पंचवीस टक्के! म्हणजे ३५ चे २६ होईपर्यंत गाडी तोंड उघडायला बांधील नाही.

कारला हे एकवेळ चालून जातं, कार रोज तीच चार माणसं वाहते. टेम्पोचं तसं नाही. मागे रिकामं असताना टायर ३० वर मजेत पळतो, त्यावरच सातशे पौंड टाकले की त्याची बाजू दर फेऱ्याला दबते, सुटते, दबते, सुटते, आणि त्यातच तापते, आणि टायर फुटतो तो या तापण्यानेच. चाकातल्या हवा मोजणाऱ्या सेन्सरला मागे काय भरलंय याचा पत्ताच नसतो. मोठ्या पिकअपवाल्यांची तऱ्हा उलटी. त्यांच्या स्टिकरवर मागच्या चाकांना ८० असतं, रिकामा ट्रक ८० वर चालवला तर खड्ड्यागणिक पाठीचे मणके मोजता येतात, म्हणून ते ५०-५५ करतात आणि मग कढई कायमची पेटलेली. आमच्या ऑफिसातल्या एकाने तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. अशी व्यवस्थित, कात्रीने गोल कापून.

माझ्याकडे डिसेंबरात दिव्याने चाल बदलली. गाडी चालू केली की मिनिटभर लुकलुकायचा आणि मग स्थिर लागून राहायचा. मी म्हटलं थंडी. फेब्रुवारीत पण थंडी म्हटलं. मे महिन्यात थंडी म्हणता येईना म्हणून म्हटलं बघू नंतर. लुकलुकण्याचा अर्थ वेगळाच असतो, मला चाकातलं काही ऐकू येत नाहीये असं गाडी सांगत असते. प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मागे रिमवर एक सेन्सर बसवलेला, त्यात लिथियमचा सेल, आणि तो सेल लाखेत बंद केल्यासारखा आतच पॅक. बदलता येत नाही. सात ते दहा वर्षांनी सेल संपला की अख्खा सेन्सर फेकायचा. आणि वाईट भाग हा की सेन्सर मेल्याचा आणि हवा गेल्याचा दिवा एकच. एकदा मेल्याचा लागून राहिला की हवा खरंच गेली तरी नवीन काही दिसणार नाही.

गणपतीला हे नडलं. डेकोरेशनचं सामान एका मेंबरच्या गराजातून हॉलवर न्यायचं होतं, स्टेजसाठी पाऊण इंची प्लायवूडच्या दहा शीट, वर फोल्डिंगच्या खुर्च्या. आई-आण्णा सहा महिन्यांसाठी इकडे आलेले, आण्णा म्हणाले मी पण येतो. आण्णांनी कराडला बावीस वर्षं टाटा ४०७ चालवली आहे. निघताना मी म्हटलं जरा हवा बघा हो, तर त्यांनी सीटमागचा व्हीलपाना काढला आणि चारी टायरांवर एकेक ठोका दिला, कान तिरका करून. जशी ते टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, मारून बघायचे अगदी तशी. म्हणाले, "हाय की हवा. चल."

हायवेला लागलो आणि पाच मैलांवर गाडी मागून लचकायला लागली, लेन बदलली की मागचा भाग अर्धा सेकंद उशिराने यायचा. पुढच्या एक्झिटला पेट्रोल पंपावर घेतली. मागच्या डाव्या टायरला आण्णांनी हात लावला आणि लगेच काढला. चटकाच बसला. गेज लावला तर १९, तो पण गरम टायरमध्ये. मागच्या उजव्यात ३३. आण्णा थोडा वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "आमचा नायलॉनचा टायर आसायचा रं, आवाजावर कळायचं. ह्यो रेडियल, ह्येचं पोट कायम सुटल्यालंच दिसतंय." आणि ते खरं आहे. रेडियल दहा पीएसआय कमी असला तरी डोळ्याला आणि कानाला पत्ता लागत नाही, त्यासाठीच तर हा सगळा सेन्सरचा खटाटोप. हवेला दोन डॉलर पडतात हे कळल्यावर मात्र आण्णांचा खरा मूड गेला. टायर गार होईपर्यंत थांबलो, निम्म्या शीट दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये टाकल्या, हवा भरून हळूहळू गेलो, आरतीला वेळेत पोचलो. टायरमध्ये खिळा निघाला, इतका बारीक की कोण जाणे किती आठवडे सूं करत होता.

मग सेन्सर घ्यायचं मनावर घेतलं. एका शॉपने चाराचे चारशे डॉलर सांगितले, मी ऑनलाइन त्याच्या तिसऱ्या भागात सेट मागवला. सेन्सर गाडीशी रेडिओने बोलतात, म्हणून घेताना फ्रिक्वेन्सी बघा, इथल्या त्या काळातल्या बहुतेक गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपात आणि आपल्याकडे ४३३, त्यामुळे पुण्याच्या मावसभावाला इथून सेट पाठवायचा माझा प्लॅन बारगळला. टायर उतरवून घ्यायला टायरवाल्याकडे गेलो तिथे आणखी एक गंमत. मी हौसेने व्हॉल्व्हला चकचकीत धातूच्या टोप्या लावलेल्या. व्हॉल्व्हची नळी ॲल्युमिनियमची, त्यात मीठ आणि पाणी, दोन धातू एकमेकांना असे धरून बसले की पकडीने टोपी फिरवली तर टोपीबरोबर अख्खी नळीच मोडून आली. फुस्स. जुना सेन्सर तसाही मेलेलाच होता म्हणून हसलो. तोच सेन्सर जिवंत असता तर टोपीपायी गेला असता. साध्या प्लॅस्टिकच्या टोप्या लावा, काळ्या, फुकटच्या. व्हॉल्व्हच्या आतली पिन पण निकेलचा मुलामा असलेलीच, पितळी नाही.

नवीन सेन्सर गाडीला ओळखीचे करून द्यावे लागतात. माझ्या ट्रकात किल्लीची लॉक-अनलॉक दोन्ही बटणं एकदम दाबायची, हॉर्न दोनदा वाजतो, मग पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं अशी प्रदक्षिणा घालायची, प्रत्येक व्हॉल्व्हजवळ छोटं यंत्र धरायचं, चाक ओळखलं की हॉर्न. क्रम चुकला की पहिल्यापासून. टायर आलटून पालटून बसवले तरी हे परत करायचं, नाहीतर मागच्या टायरची हवा गेली की गाडी पुढच्याचं नाव घेते. मी हे रात्री साडेनऊला करायला घेतलं आणि दोनदा क्रम चुकला. समोरच्या घरातला पडदा हलला.

शेवटचे दोन हॉर्न वाजले आणि कढई विझली. दहा महिन्यांनी डॅशबोर्ड इतका मोकळा दिसला की उगाचच मिनिटभर बघत बसलो. आण्णा पायरीवर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "आन् स्टेपनीचं काय?"

स्टेपनीला सेन्सर नाही. ती मागे खालून तारेला टांगलेली असते, बंपरच्या भोकातून लांब सळई घालून फिरवली की खाली येते, म्हणजे यायला पाहिजे. तार गंजून बसलेली, सळई फिरते, स्टेपनी जागची हलत नाही. शेवटी मीच टॉर्च घेऊन पाठीवर गाडीखाली सरकलो, हात वाकडा करून कसाबसा गेज लावला.

"किती?" आण्णांनी वरून विचारलं.

बारा.

"ठोकून बघू का?" म्हणाले.

(तारेवर दोन दिवस तेल सोडतोय. कोणी अशी गच्च बसलेली स्टेपनी उतरवली असेल तर सांगा, शनिवारी टेम्पो बुक आहे.)