न घडलेली आठवण

शनिवार, रात्री साडेबारा

सगळे झोपल्यावर पुन्हा '९६' लावला. सी. प्रेमकुमारचा २०१८ चा तमिळ सिनेमा. मला तमिळचं ओ की ठो कळत नाही, सबटायटल्स वाचत बघते.

गोष्ट जेमतेम एवढीच. तंजावरच्या शाळेतले राम आणि जानकी. दहावीनंतर कर्जापायी रामच्या घरच्यांना गाव सोडावं लागतं. वीस-बावीस वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या कृपेने चेन्नईत गेट-टुगेदर, आणि मग दोघांची एक रात्र. त्याने लग्नच केलेलं नाही. ती सिंगापूरहून आलेली, नवरा-मुलगी असलेली.

लोकांना भावतो तो 'यमुनै आट्रिले'चा प्रसंग. शाळेपासून तो हे गाणं म्हण म्हणून मागे लागलेला आणि ही मुद्दाम दुसरीच गाणी म्हणणार. शेवटी त्याच्या घरी लाइट गेल्यावर अंधारात ती ते म्हणते आणि तो उजेडासाठी धडपडत सुटतो. सुरेखच आहे. पण मी दरवेळी रडते ती वेगळ्याच ठिकाणी.

रामच्या विद्यार्थिनींना वाटतं, ही सरांची बायको. तुमचं जमलं कसं, म्हणून त्या विचारतात. खरं तर तो एकदा तिच्या कॉलेजवर गेला होता. कुणीतरी त्रास देणारा मुलगा आलाय असं समजून, तो कोण हे न बघताच तिने त्याला परत पाठवलं होतं. मुलींना मात्र ती हे सांगतच नाही. तिच्या गोष्टीत दोघं भेटतात आणि पुढचं सगळं जुळून येतं. जानकी झालेली त्रिशा हे इतकं सहज सांगते, आणि शेजारी बसलेला विजय सेतुपती, म्हणजे राम, नुसता ऐकत राहतो. कसला नट आहे हा!

प्रेमकुमार मुळात कॅमेरामन. क्रिकेट खेळताना डोक्याला मार लागून ऐन लग्नाच्या तोंडावर त्याची स्मृती काही काळ गेली होती. त्या खऱ्या प्रसंगावर २०१२ मध्ये वेगळा सिनेमा निघाला, चक्क विनोदी, आणि त्यातही नायक सेतुपतीच! त्याच माणसाने पुढे काहीच न विसरणारा राम लिहावा, याची मला फार गंमत वाटते.

एक पटत नाही. तिने छातीला हात लावला की राम बेशुद्ध. शाळकरी वयात ठीक आहे हो, चाळिशीकडे झुकल्यावरही? आणि तिची ओढणी, शाईचे डाग पडलेला शर्ट असं सगळं पेटीत जपून ठेवणाऱ्या माणसाशी रोजचा संसार झेपला असता का, हेही मनात येतंच. जानकीलाही ते कळत असावं. म्हणूनच ती पहाटेचं विमान चुकवत नाही.