तळमजल्याच्या खोलीतली ओल काढताना : माझा अनुभव

गिरगावातल्या जुन्या चाळीची तळमजल्यावरची खोली, १० बाय १२ फूट. पाया उथळ, जोतं गल्लीच्या जेमतेम वर. फरशी उखडण्याआधी ओल कुठून येते ते पाहिलं, आणि ते भर पावसाळ्यातच पाहावं. दोन फूट चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून फरशीवर चिकटवायचं, एक दिवस ठेवायचं. खालून थेंब जमले तर पाणी जमिनीतलं. वरून जमले तर हवेतलं. आमच्याकडे दोन्ही.

हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, २७ अंशांच्या आसपास येतो. मुंबईत फरशीखालची जमीनही साधारण तेवढीच असते, म्हणून लादीला घाम फुटतो. कितीही वॉटरप्रूफिंग चोपडा, हा घाम थांबत नाही. त्याला लादी आणि जमिनीच्या मध्ये उष्णतारोधक थरच हवा.

खोदाईआधी भिंतीलगत एक छोटा खड्डा घेऊन पायाचा तळ कुठे आहे ते बघितलं. त्याच्या खाली खणलं तर भिंत खचते; मिस्त्री घाईत असला तरी इथे ऐकू नये. आम्ही साधारण फूटभर खणलं. मलबा चार घनमीटरच्या वर निघतो, तो ठेवायला जागा आधी शोधा.

तळ धुम्मसने ठोकून त्यावर सहा इंच दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर. त्यात माती किंवा चुरी भरायची नाही, कारण पोकळी राहिली तरच पाणी वर चढायचं थांबतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा इथे नकोच, तो पाणी धरून ठेवतो. वर तीन इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १:४:८), सिमेंटच्या तीन गोण्या. पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करावा, नाहीतर वरची शीट फाटते.

ही ओल अडवणारी प्लास्टिकची शीट २५० मायक्रॉनची. जोडावर एकीवर दुसरी एक फूट चढवलेली, ब्युटाइल टेप, आणि भिंतीवर नव्या फरशीच्या वरपर्यंत उचललेली. सगळ्यात जास्त घोळ मोरीपाशी होतो: नहाणी ट्रॅपसाठी (मोरीचं पाणी जाण्याच्या जाळीखालचं भांडं) शीट कापतात आणि तशीच सोडून देतात. पाइपभोवती टेपची कॉलर करून घ्या. शीटवर फावडं, घमेलं टेकवू देऊ नका.

त्यावर उष्णता अडवणारे २५ मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (घट्ट फोमचे), सव्वा मीटर बाय ६० सेंटिमीटरचे १६ नग. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पाणी पितो. बोर्डावर दोन इंच बारीक खडीचं काँक्रीट, आत वेल्डमेश (तारेची जाळी). साडेचार-पाच गोण्या लागतात.

फरशी बंद झाली की खालची ओल भिंतीकडे वळते, हे बरेच जण विसरतात. आमची भिंत विटांची, म्हणून जोत्यालगतच्या विटांमधल्या सांध्यात १२ मिलिमीटरची भोकं दर चार-पाच इंचांवर पाडून सिलेन-सिलॉक्सेन क्रीम (विटांत पाणी चढू न देणारं रसायन) भरलं. लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागलेला गिलावा मीटरभर उंचीपर्यंत काढून चुन्याचा केला. सिमेंटचा केला असता तर ओल आत कोंडून आणखी वर चढली असती. दगडी भिंतीत ही भोकं नीट साधत नाहीत.

काँक्रीट सात दिवस भिजवलं. नंतर सुकायला मिलिमीटरला एक दिवस धरा, म्हणजे दोन इंचांना जवळपास दोन महिने. त्यामुळे काम फेब्रुवारीतच सुरू करावं लागतं. एप्रिल-मेमध्ये हात घातला तर लादी बसवायला दिवाळी उजाडते.