मागच्या रांगेत डावीकडून तिसरा

कोल्हापुरातल्या जुन्या फुटबॉल संघांचे फोटो, पेठ कुठलीही असो, एकाच साच्यातले. मागे उंच गडी उभे, हाताची घडी घातलेली, दंड फुगलेले दिसावेत म्हणून मुठी दंडाखाली सारलेल्या. मधल्या रांगेत खुर्च्या, आणि खुर्च्यांवर खेळाडू कमी, तालमीतली वडीलधारी मंडळी जास्त. बरोबर मध्यभागी फेटा बांधलेले वस्ताद. त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नसेल, पण त्यांच्याशिवाय फोटो निघत नसे. पुढे जमिनीवर दोघे कोपरावर रेललेले, एकाचे डोके डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे, दोघांच्या मधोमध चेंडू आणि चेंडूवर खडूने लिहिलेले साल. कप स्टुलावर, आणि स्टुलावर कुणाच्या तरी घरातला विणलेला रुमाल. हसत कुणीच नाही. कप जिंकलाय की गल्लीत कुणी गेलंय, हे चेहऱ्यांवरून कळायची सोय नाही.

वस्ताद मध्ये का, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावे लागते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ मध्ये उभे राहिले, पेठापेठांतल्या तालमी नावारूपाला आल्या. पुढे त्याच तालमींची पोरे लाल मातीतून उठून चेंडूमागे धावू लागली. म्हणून आजही शाहू स्टेडियमवर सामना होतो तो पाटाकडील तालमीचा आणि खंडोबा तालमीचा, बालगोपालचा आणि दिलबहारचा. संघ पेठेचा, तालीम पेठेची, त्यामुळे हरलेल्या पेठेत त्या रात्री कुणाच्या घशाखाली घास नीट उतरत नाही. अशा संघाचा फोटो काढायचा आणि वस्तादांना बाजूला उभे करायचे, ही कल्पनाच शक्य नव्हती.

पण या फोटोंत एक गोष्ट कधीच सापडत नाही. खेळ.

याचे कारण साधे आहे. ज्याच्या घरी कॅमेरा असे, त्याच्याकडे तो बहुधा आग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये १२ फोटो. त्यातले बरेचसे बारसे, साखरपुडा आणि पन्हाळ्याच्या सहलीसाठी आधीच राखलेले. शटरचा वेग एकच, आणि डाव्या कडेने सुटलेल्या लेफ्ट आऊटला पकडायला तो अगदीच अपुरा. स्टुडिओवाला बोलावला तर तो सामन्याआधी येई किंवा बक्षीस समारंभाला, स्टँड लावी, काळ्या कापडात डोके घाली आणि ‘हलू नका’ म्हणे. मधल्या दोन हाफशी त्याला कर्तव्य नव्हते.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी एकदा हे धाडस केले. भर सामन्यात, गोलपोस्टच्या मागे उभे राहून बटण दाबले. तो फोटो आमच्याकडे अजून आहे. खाली अर्ध्या चौकटीभर मैदानाची धूळ. वर लांबवर माणसांची एक करडी रेघ. उजवीकडे गोलपोस्टचा खांब, जरा कललेला. खांबाजवळ एक पांढरा फराटा, तो माणूस आहे असे मानायचे. चेंडू नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, ‘आमचा दुसरा गोल’. घरी आलेल्या प्रत्येकाला हा फोटो दाखवला जाई आणि प्रत्येकजण तो डोळ्यांजवळ नेऊन मान हलवी. गोल दिसला नाही असे म्हणणारा पाहुणा मी तरी पाहिलेला नाही.

मला विचाराल तर खेळ फोटोत सापडला नाही हे बरेच झाले. फोटोने माणसे तेवढी धरून ठेवली आणि गोल तोंडावर सोडले, त्यामुळे ते वाढत राहिले. तालमीच्या कट्ट्यावर जो गोल मी लहानपणी पेनल्टी एरियाच्या कडेवरून ऐकला होता, तो हळूहळू मागे सरकत हाफलाईनपर्यंत पोचला. मारणारे आण्णा मात्र त्या गोलाबद्दल कधी बोलत नाहीत. ते सांगतात तो हुकलेला. चेंडू बारला लागून परत आला तो, आणि तो सांगताना अजून त्यांचा उजवा पाय जागच्या जागी हलतो.

एकदा असाच विषय रंगला होता. आण्णांच्या संघाची एका गोलची आघाडी, शेवटची पाच मिनिटे. ‘मी बॅकला म्हटलं, दे मागं. त्यानं गोलीकडं दिला. गोलीनं उचलला, परत त्याच्याकडं टाकला. परत ह्यानं मागं दिला, परत त्यानं उचलला...’

‘फाऊल!’ कट्ट्यावरची पोरे एका आवाजात ओरडली. ‘बॅकपास हातात घ्यायला येतोय व्हय आण्णा?’

‘आमच्या येळेला येत होता.’

पोरांचा विश्वास बसेना. खरे तर आण्णांचेच बरोबर होते. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलीने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ मध्ये आला. त्याआधी असा वेळ काढणे ही कला होती आणि आण्णांचा संघ त्या कलेत पारंगत होता. पोरांनी मोबाईलवर शोधून खात्री केली, आणि वर ‘मग तुमचं जिंकणं काय खरं न्हवं’ असा निकालही दिला. आण्णा दोन दिवस कट्ट्यावर फिरकले नाहीत.

फोटोच्या मागे साल नसेल, चेंडूवरचा खडूही पुसट झाला असेल, तर काळ ठरवायच्या युक्त्या असतात. पहिली म्हणजे चेंडू. लेस बांधलेला, पट्ट्यापट्ट्यांचा, तपकिरी दिसणारा चेंडू असेल तर फोटो जुना. आत ब्लॅडर, वर कातडे, आणि तोंड लेसने आवळलेले. ती लेस नेमकी कपाळावर आली की हेड मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे. पावसात हे कातडे पाणी पिई आणि चेंडू जड होई. काळे पंचकोन आणि पांढरे षटकोन असलेला चेंडू जगाने १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात पाहिला. काळे १२, पांढरे २०. कृष्णधवल टीव्हीवर तो उठून दिसावा असा हेतू होता. आपल्याकडे टीव्ही यायच्या आधीच हा चेंडू येऊन पोचला असावा, पण फोटोत तो दिसला की सत्तरच्या अलीकडे यायला हरकत नाही.

दुसरी युक्ती खास आमच्याकडची. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि त्याच तालमींत गणपतीही. मोहरम चांद्रवर्षावर चालतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून हे दोन्ही सण साधारण ३२-३३ वर्षांनी एकत्र येतात. गणपती आणि पंजे एकाच छपराखाली असलेला फोटो मिळाला की तो एक तर १९८६ च्या आसपासचा, नाही तर २०१८ ते २०२० मधला. अशा फोटोत आरतीचे तबक धरलेला पोरगा कोण, हे कळले की मग त्याच्या वयावरून फुटबॉलच्या फोटोतला तोच पोरगा कधीचा, हेही काढता येते. पंचांग, चेंडू आणि मिशा, एवढ्यावर आमची मंडळी सालापर्यंत पोचतात.

माणसे ओळखायची तऱ्हा आणखी वेगळी.

‘हा थोरला.’

‘थोरला न्हवं रं, धाकटा. थोरल्याचा कान बघ की कसा हाय. कुस्तीनं मोडलेला.’

‘मग थोरला कुठाय?’

‘फोटोला नव्हता. बूट घालून मोकळा झाला आणि कुणाच्या तरी वरातीत गेलता.’

एका फोटोवरून दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झालेलेही मी पाहिले आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, एवढाच मुद्दा होता. दोघांनाही तो आपला बाप वाटत होता. निकाल लागला तो आक्कांमुळे. त्यांनी चष्मा वर सारला, चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘ही कॉलर मी उलटी करून लावल्याली,’ म्हणाल्या. ‘कड जिरली होती. बघा, टोक आखूड आलंय डाव्या अंगाला.’ सगळ्यांनी वाकून पाहिले. डाव्या बाजूचे टोक खरोखरच आखूड होते. ते आखूड टोक गेली कित्येक वर्षे तालमीच्या भिंतीवर सगळ्यांसमोर लटकत होते. जर्सी धुणाऱ्या, रफू करणाऱ्या, गच्चीवरून सामन्याचा आवाज ऐकून कोण जिंकले ते ओळखणाऱ्या बायका यातल्या एकाही फोटोत नाहीत. त्यांना कुणी बोलावले नाही आणि त्यांनाही ते त्या वेळी खटकले नसावे. आता खटकते.

माझे लक्ष हल्ली चौकटीच्या कडांवर जास्त जाते. मध्ये बसलेली मंडळी तयारीने बसली होती, कडेची माणसे मात्र बेसावध सापडली. सायकलच्या दांडीवर एक पाय टाकून उभा असलेला दूधवाला. अर्धी कापली गेलेली म्हैस, तिची शिंगे तेवढी वस्तादांच्या फेट्याच्या बाजूला आलेली. सरावानंतर ही मंडळी गंगावेशच्या कट्ट्यावर जाऊन समोर काढलेले धारोष्ण दूध पीत, त्यामुळे म्हैस फोटोत आली यात गैर काही नाही. खिडकीतून डोकावणारे एक पोर. दोरीवर वाळणारी लुगडी. आणि नेहमी, प्रत्येक फोटोत, अगदी टोकाला एक माणूस असतो जो संघात नाही, तालमीच्या कमिटीत नाही, पण हाताची घडी सगळ्यांत घट्ट त्याचीच.

हे फोटो आता हातोहात फिरण्याऐवजी मोबाईलवरून फिरतात. कुणी तरी भिंतीवरच्या फ्रेमचा काचेसकट फोटो काढतो, त्यात ट्यूबलाईटची एक तिरपी रेघ आणि काढणाऱ्याचे स्वतःचे नाक येते. तो दहा जणांना जातो, दहाजण पुढे पाठवतात, दर फेरीला तो जरा बारीक आणि गढूळ होतो. एका उत्साही भाच्याने तर ॲप वापरून फोटो रंगीत केला. ॲपला पेठा ठाऊक नाहीत. त्याने आमच्या सगळ्या संघाच्या अंगावर नेमका तोच रंग चढवला, ज्याच्याशी आमचे पिढ्यान्पिढ्याचे वैर. तात्यांनी तो फोटो पाहून मोबाईल पालथा ठेवला आणि भाच्याला दिवाळीला बोलवायचे की नाही यावर घरात चर्चा झाली.

पण माझी खरी तक्रार निराळी आहे. फिरते ती फोटोची फक्त पुढची बाजू. पाठ घरातच राहते. आणि नावे असतात पाठीवर: पेन्सिलीने रांगेवार, स्टुडिओचा निळा शिक्का, कुणाच्या तरी बायकोने टिपलेले ‘या दिवशी यांना ताप होता’. म्हणून कुणी फोटो पाठवला की मी लगेच कळवतो, पाठीचाही पाठवा. लोकांना हे विचित्र वाटते. काहींनी कोरा पुठ्ठा पाठवला, तो मी ठेवून दिला.

कृष्णधवल फोटो त्या मानाने चिवट. त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते, धुलाई नीट झाली असेल तर पिढ्या काढते. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र तांबडे पडत चालले आहेत; त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा संघ उन्हाने भाजल्यासारखा दिसू लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेत, दुधाळीत, कुंभार गल्लीत शिरले तेव्हा अल्बमच्या अल्बम भिजले. वाळवून मग सोडवू म्हणणाऱ्यांचे फोटो एकमेकांना कायमचे चिकटले, कारण वरचा जिलेटिनचा थर सुकला की गोंदच. ज्यांनी ते ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात सोडले, हळूहळू सुटे केले आणि चेहरा वर करून सावलीत पसरले, त्यांचे बरेचसे वाचले. एका घरात असे फोटो जिन्याच्या पायऱ्यांवर वाळत घातलेले मी पाहिले. आजोबा खालच्या पायरीवर, नातू वरच्या, आणि वर जायचे तर सगळ्यांना ओलांडून.

आता कॅमेऱ्याची टंचाई नाही. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे धावणे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिले आणि हवे तेव्हा पुन्हा पाहता येते. आमच्या आण्णांच्या नावावर हाताची घडी घातलेला एकच फोटो आहे. तालमीच्या साध्या सामन्यालाही हल्ली प्रेक्षकांतून शेकडो मोबाईल वर होतात. मला वाटले होते, यापुढे कट्ट्यावरची भांडणे मिटणार.

परवाच्या सामन्यातला गोल ऑफसाईड होता की नाही, यासाठी चार पोरे चार मोबाईल घेऊन बसली होती. एकात ऑफसाईड दिसत होता, दुसऱ्यात नव्हता, तिसरा काढणारा गोलाच्या वेळी नाचत असल्याने त्यात आकाश होते. ‘तुझा मोबाईलच वाकडा धरलायस,’ यावर गाडी आली. आण्णांनी हात पुढे केला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि व्हिडिओ थांबवायला सांगितला.

‘ऑफसाईडचं राहू दे,’ म्हणाले, ‘हे मागं कंपाउंडला टेकलेलं, निळ्या शर्टातलं, कुणाचं रं? नाक आमच्या सेंटर हाफचं दिसालंय.’

‘त्यांचं नातू शिकायला पुण्याला असतंय आण्णा.’

‘मग आज आलं असंल की. मोठं कर जरा.’