तुम्ही विचारलंत म्हणून : कमी धावलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का?

ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. पण माझ्याकडे १९६६ची एक एमजी-बी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, आहे, हे नाशिकमध्ये ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून वर्षातून चार-सहा वेळा तरी एकच प्रश्न येतो. गाडी बदलते, मालक बदलतो, प्रश्न तोच राहतो. गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर तोच विचारलात. मखमलाबादच्या एका मळ्यातील शेडमध्ये १९७१ची एमजी-बी सव्वीस वर्षे झाकून ठेवलेली आहे, मीटरवर जेमतेम एकोणीस हजारांचा आकडा आहे, मालक त्या आकड्याचे वेगळे पैसे मागतो आहे, तर घ्यावी का? फोनवर मी दिलेले उत्तर तुटक होते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

प्रथम त्या आकड्याविषयी. आपल्याकडे मायलेज म्हणजे गाडी लिटरला किती देते ते, आणि गाडी एकंदर किती धावली त्याला आपण रनिंग म्हणतो. मालकाने तुम्हाला ‘रनिंग फक्त एकोणीस हजार किलोमीटर’ असे सांगितले असेल, तर इंग्लंडहून आलेल्या या गाडीचे मीटर बहुधा मैलांचे आहे, हे त्याच्याही लक्षात आलेले नसावे. एकोणीस हजार मैल म्हणजे साडेतीस हजार किलोमीटर झाले. शिवाय त्या मीटरला पूर्ण मैलांचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. म्हणजे तुम्ही पाहिलेले एकोणीस हजार हे एक लाख एकोणीस हजारही असू शकतात. मधल्या काळात मीटर बदलले असेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. मीटरपेक्षा ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टीअरिंगची पकड, चालकाच्या आसनाची कड आणि दार उघडल्यावर ते किती खाली लोंबते, या गोष्टी अधिक खरे बोलतात. एकोणीस हजार मैलांत पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही.

समजा, आकडा खरा निघाला. माझ्या मते अडचणीचा भाग तेथूनच सुरू होतो.

माझी सगळी नोकरी मिग-२१च्या ओव्हरहॉलमध्ये गेली. तेथे विमानाला आणि त्याच्या कितीतरी भागांना दोन आयुष्ये नेमून दिलेली असत, एक उड्डाणाच्या तासांचे आणि दुसरे कॅलेंडरच्या वर्षांचे, आणि त्यांतले जे आधी संपेल त्या दिवशी तो भाग उतरवायचा. रबरी होज, म्हणजे नळी, एकदाही विमानावर चढली नसली, तरी कपाटात पडून तिची वर्षे भरली की ती बाद होत असे. नवीन आलेल्या मुलांना हे उधळपट्टीसारखे वाटे. मी त्यांना समजावून सांगत असे की रबर उडताना झिजते आणि न उडतानाही म्हातारे होते, आणि हे दुसरे म्हातारपण डोळ्यांना दिसत नाही. मोटारीच्या मीटरवर यांतले पहिले घड्याळ तेवढे असते. दुसरे आपल्याला मनात ठेवावे लागते.

आता कबुली. हे सारे तीस वर्षे इतरांना शिकवणाऱ्या माणसाने २००९ साली देवळाली कॅम्पमधल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजात पांढऱ्या कापडाखाली उभी असलेली एमजी पाहिली, मीटरवर १७,४१२ वाचले आणि आपले शिक्षण त्या गॅरेजच्या दाराबाहेर ठेवले. गाडी तेवीस वर्षे हललेली नव्हती. रंग मूळचा होता, आसनांचे चामडे मूळचे होते, आणि त्या आकड्यापुढे मला दुसरे काही दिसेना. मालकाने मागितले ते पैसे मी फारशी घासाघीस न करता दिले. बॅटऱ्या, प्लग, टायर आणि इंजिन ऑइल बदलले, टाकी धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केले, ब्रेकमध्ये नवे ऑइल भरले आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी रस्त्यावर आणली. जे दिसत होते ते सगळे मी केले होते. पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या रबरी होज मात्र बाहेरून काळ्या, गुळगुळीत आणि नव्यासारख्या दिसत होत्या.

सातपूरच्या अलीकडे त्र्यंबक रोडवर एक रिक्षा आडवी आली म्हणून मी जोरात ब्रेक दाबला आणि त्यांतली उजवीकडची होज फुटली. १९६६च्या या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकची ऑइलची वाट एकच आहे, त्यामुळे एका ठिकाणी गळती झाली की पेडल थेट तळाला जाते. हँडब्रेकची तार तेवीस वर्षे न ओढल्यामुळे गंजून अडकलेली होती. रिक्षावाला चपळ निघाला आणि मी डावीकडे बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. बंपर वाकला, मला काही झाले नाही. घरी परतल्यावर होज उभी चिरून पाहिली, तर आतला थर वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला होता. पुढची दोन वर्षे आणि गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम मी कॅलेंडरचे देणे फेडण्यात घालवली.

उभ्या गाडीत काय काय घडते, ते तुमच्या मखमलाबादच्या गाडीपुरते सांगतो. ब्रेकचे साधे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो, तोच कार्बोरेटरच्या बारीक वाटा बंद करतो. एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप मागच्या चाकाजवळ असतो. चावी फिरवल्यावर त्याची टकटक ऐकू आली पाहिजे, पण दीर्घकाळ पडून राहिल्यावर त्याचे पॉइंट चिकटतात आणि मग लोक त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून जागे करतात. मीही ठोकला आहे. क्रँकचे आणि गिअरबॉक्सचे सील कोरडे पडून आकसतात, ते मात्र गाडी दोन-चारशे किलोमीटर चालल्यावर गळू लागतात, म्हणजे पैसे दिल्यानंतर.

याहून कमी लोकांच्या ध्यानात येणारी एक गोष्ट आहे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. या गाड्यांच्या इंजिनाचे ओतीव लोखंडी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, शिशाच्या पेट्रोलसाठी केलेले होते. शिसे नसताना गाडी सतत जोरात पळवली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक खात जाते. जी गाडी नियमित वापरात राहिली, तिचे हेड कधी ना कधी उघडले गेले आणि मिस्त्रीने त्यात व्हॉल्व्हच्या कठीण बैठका बसवल्या. तुमची गाडी सव्वीस वर्षे शेडमध्ये आहे, याचा अर्थ ती शिशाच्या काळातच झोपली आणि तिचे हेड बहुधा कोणी उघडलेलेच नाही. आता ती जागी होईल ती वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचा आपल्याला अभिमान आहेच, पण इथेनॉल जुन्या पद्धतीचे रबर फुगवते, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकते आणि पाणी ओढून घेते. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे सील इथेनॉल सोसणारे घालावे लागतील. ज्याला मालक ‘सगळे ओरिजिनल आहे’ म्हणतो, त्यातले निम्मे ओरिजिनल तुम्हाला पहिल्याच महिन्यात काढून टाकायचे आहे.

गंजाचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे, कारण एमजी-बीला स्वतंत्र चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. गाडी कोठे उभी होती हे म्हणूनच किती धावली यापेक्षा महत्त्वाचे ठरते. एकाच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि येवला-सिन्नरकडे पाचशे-सहाशे. तीच गाडी सिन्नरला वीस वर्षे टिकेल आणि इगतपुरीला पाचव्या पावसाळ्यात तळातून चाळणी होईल. मखमलाबाद या दोहोंच्या मध्ये आहे. मात्र शेडची जमीन मातीची आहे की फरशीची, हे तुम्ही मला सांगितले नाहीत. मातीची असेल तर दर पावसाळ्यात चार महिने ओल खालून वर चढत राहिली आहे. गोदाकाठाजवळून आलेल्या गाडीच्या बाबतीत मी आणखी एक पाहतो, ते म्हणजे गालिच्याखाली आणि दाराच्या पोकळीत बारीक गाळाची रेघ. २००८च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतर गाळाने भरलेल्या कितीतरी गाड्या या शहरात धुऊन-पुसून विकल्या गेल्या.

दाराखालून लांबीने जाणारा पत्र्याचा पोकळ पट्टा, म्हणजे सिल, आतून गंजतो आणि बाहेरून चकचकीत दिसतो. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यावरून फिरवा. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुटी आहे. मग मालकाच्या परवानगीने एका बाजूने जॅक लावून गाडी उचला आणि दार उघडून लावून पाहा. दाराची फट बदलली किंवा दार अडकले, तर सांगाड्याचे बळ गेले आहे. तसे असेल तर रनिंग शून्य असले तरी मी ती गाडी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये.

सांगाडा ठीक निघाला तर इंजिनाकडे वळावे. ते बॅटरी लावून लगेच फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग हाताने फिरवावे. मोकळे फिरले तर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने मोजावे. आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे ते मोठे असण्यापेक्षा महत्त्वाचे. गाडी सुरू होऊन पूर्ण तापल्यावर चालत्या इंजिनात ऑइलचे प्रेशर ५० ते ८० पौंड दिसले तर समाधान मानावे. टायरवर चार अंकांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. शिक्का तीनच अंकांचा असेल तर टायर २०००च्या आधीचा आहे, त्याची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो फेकून द्यावा.

कागदांविषयी थोडक्यात लिहितो. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद संगणकात चढलेली आहे का, हे आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन पाहा; चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून घ्या, आयातीचे कागद मागा. गाडी पन्नास वर्षांवरील असल्यामुळे २०२१च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. त्याचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. पण तो क्रमांक घेतल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी सापुताऱ्याला जाण्याचा तुमचा बेत त्यात बसत नाही. त्यासाठी नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे लागेल.

या सापुताऱ्याच्या बेतावरच माझे उत्तर अवलंबून आहे. कमी रनिंगचे जे जादा पैसे तुम्ही द्याल, ते गाडी चालवायला लागल्यापासून मैलामैलाने विरघळत जातील, आणि ते वाचवण्यासाठी गाडी उभी ठेवलीत तर दुसरे घड्याळ चालूच आहे. संग्राहकाला ते परवडते. जिच्या काचा, पत्रे, आसने पुन्हा कोठेच मिळणार नाहीत अशी गाडी असेल, तर न हाताळलेल्या नगाला जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. भारतात बनलेली फायबरची सॅन स्टॉर्म ही छोटी स्पोर्ट्स कार अक्षत सापडली तर मी स्वतः विचारात पडेन. एमजी-बीचे तसे नाही. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि इंग्लंडमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक भाग, अगदी अखंड नवी बॉडीसुद्धा, आजही तयार होतो. जे नवे मिळते त्याच्या जुनेपणासाठी किती मोजायचे?

ऐंशी हजार मैल धावलेली, बिलांची फाइल असलेली, आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडणारी एमजी मिळाली, तर तुमच्यासाठी ती अधिक चांगली. मखमलाबादचीच हवी असेल, तर अशा चालत्या गाडीची किंमत धरा, तिच्यातून ब्रेक, क्लच, पेट्रोलची सगळी वाट, टायर, हेडचे काम आणि सगळे सील यांचा खर्च वजा करा आणि उरेल तो आकडा मालकापुढे ठेवा. एकोणीस हजारांचे वेगळे काही देऊ नका. तो चिडेल, देवळालीच्या बंगल्यात मी हे बोललो असतो तर तेथले मालकही चिडले असते. माझ्या गाडीचे मीटर आता तेवीस हजारांच्या पुढे गेले आहे.

शनिवारी सकाळी मी तुमच्याबरोबर येतो. चुंबक, जॅक आणि कॉम्प्रेशन गेज माझ्याकडे आहेत. मालकाला एवढेच कळवा की आम्ही येण्यापूर्वी इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नका आणि गाडी धुऊ नका.